गावात फायबर आले, बांधावर इंटरनेट कधी?

बियाणे, खत आणि पाणी यांच्या जोडीला इंटरनेट ही आता शेतीची निविष्ठा झाली आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो आणि सातबारावर पीकपेरा नसेल तर हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी अडते. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. त्याच वर्षी महाडीबीटीवर सोडतीऐवजी ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली. सोडतीत उशिरा अर्ज करणाऱ्यालाही संधी होती. आता ज्याच्या गावात नेट चालते, त्याचा अर्ज आधी लागतो.

फायबर नेमके कुठे अडते?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे लक्ष्य, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. पण केबल कार्यालयापर्यंत आली म्हणजे सेवा घरापर्यंत आली असे नाही. अडचणी प्रामुख्याने तीन:

- एकेरी जोडणी : ठिबकची मेन लाइन फुटली की पुढच्या सगळ्या लॅटरल कोरड्या राहतात. येथेही तसेच होते. एका ठिकाणी केबल तुटली की पुढची गावे बंद.
- खोदकाम : रस्ता किंवा पाइपलाइनसाठी जेसीबी लागतो, केबल तुटते आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची यावर दिवस जातात.
- वीज : भारनियमनात बॅटरी नसेल तर कार्यालयातील यंत्र बंद पडते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटमध्ये यावर काही उत्तरे आहेत. जोडणी वर्तुळाकार करायची आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. देखभाल दहा वर्षांची असून तिचे पैसे सेवेच्या दर्जाशी जोडले आहेत. म्हणून तक्रार तोंडी न ठेवता नोंदवायला हवी.

‘मागणीनुसार’ या शब्दाकडे लक्ष द्या

ग्रामपंचायत कार्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना या कार्यक्रमात मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. आपल्याकडे कोकणात आणि आदिवासी पट्ट्यात गट ग्रामपंचायती पुष्कळ आहेत. कार्यालय एका गावात, बाकीची गावे दोन-चार किलोमीटर लांब. फायबर कार्यालयाच्या गावात थांबते आणि मागणी कोणी केलीच नाही तर बाकीची गावे मागे राहण्याचा धोका आहे. म्हणून या कामात सर्वात मोठी जबाबदारी सरपंच, ग्रामसेवक आणि तुमच्यावर येते.

पुढच्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या:

१. कार्यालयातील जोडणी आज चालू आहे का? गेल्या महिन्यात किती दिवस बंद होती?
२. बॅटरी किंवा सौर बॅकअप आहे का?
३. खोदकामाला परवानगी देताना केबल तुटल्यास दुरुस्तीची अट घातली जाते का?
४. वाड्या-वस्त्यांसाठी आणि गटातील इतर गावांसाठी लेखी मागणी पाठवली आहे का?
५. गाव विकास आराखड्यात या कामाचा समावेश आहे का?

तोपर्यंत काय करावे?

- ई-पीक पाहणीची नोंद शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. फोटो शेतात काढा, रेंज नसेल तर माहिती साठवा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. अपलोड झाल्याची खात्री केल्याशिवाय काम पूर्ण समजू नका.
- महाडीबीटीसाठी सातबारा, ८-अ, बँक तपशील आणि शेतकरी ओळख क्रमांक आधीच तयार ठेवा.
- अ‍ॅप चालत नसेल तर दोष नेटवर्कचा की सर्व्हरचा, हे पाहा. दुसरी संकेतस्थळे उघडत असतील तर तक्रार तलाठी किंवा कृषी सहायकाकडे करा. काहीच उघडत नसेल तर ग्रामपंचायतीकडे करा.

मोठ्या बागायतदाराला तालुक्याला जाऊन अर्ज भरणे परवडते. दोन एकरवाल्याची त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. गावाची मागणी लेखी गेली तर हा फरक कमी होऊ शकतो.