एका फुटाचा एक इंच

लग्नघरात पंगतीनंतर सर्वात जास्त गर्दी कुठे होत असेल, तर ती रुखवतापाशी. रुखवतात लाडू-चिरोटे असतात, विणलेले रुमाल असतात. पण बघणाऱ्यांचे पाय खिळतात ते बोटभर उंचीच्या नवरा-नवरीपाशी, काड्यापेटीएवढ्या बैलगाडीपाशी आणि इवल्याशा विहिरीपाशी. दिवाळीतला मुलांचा किल्ला, चैत्रगौरीपुढची आरास, मुलींची भातुकली ही सगळी त्याच घराण्यातली. मोठं जग लहान करून न्याहाळण्याची हौस आपल्याकडे मुरलेली आहे. तिलाच थोडी शिस्त लावली की तयार होतो एक सुंदर छंद : बाहुलीघर, म्हणजेच मोजून-मापून केलेलं छोटं घर.

या वेळी उदाहरण मुद्दाम फरीदाबादचं घेतलं आहे. एक तर दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा सूरजकुंडचा हस्तकला मेळा याच गावात भरतो. तो १९८७ साली सुरू झाला, आणि २०१९च्या मेळ्यात मुख्य राज्याचा मान महाराष्ट्राचा होता. दुसरं कारण अधिक जवळचं आहे. इथली एन. आय. टी. ही वस्ती फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवली गेली. पुढे कारखाने आले आणि नोकरीच्या निमित्ताने सगळ्या देशातून माणसं आली, त्यात मराठी कुटुंबंही आली. म्हणजे हे शहर मागे घर सोडून आलेल्यांचं. सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला 'माजघर' म्हणजे काय, 'फडताळ' कशाला म्हणतात, 'शिंकाळं' कुठे टांगतात हे कसं कळावं? शब्द सांगून कळत नाही. वस्तू दाखवली की लगेच कळतं.

हा पोरखेळ नव्हे

'बाहुल्यांशी खेळायचं हे काय वय आहे?' असं कुणी म्हणालंच, तर त्यांना अॅम्स्टरडॅमच्या रिक्स म्युझियममधलं पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं बाहुलीघर सांगा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ते करायला घेतलं. त्यावर इतका पैसा ओतला, की तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर विकत आलं असतं. त्या काळी असं घर म्हणजे मोठ्यांच्या दिवाणखान्यातली मानाची वस्तू होती.

दुसरं उदाहरण तर दिल्लीशी नातं सांगणारं आहे. नवी दिल्लीचा आराखडा करणारे एडविन लुटियन्स इथे आजचं राष्ट्रपती भवन उभारत होते, त्याच काळात, १९२१ ते १९२४ या वर्षांत, त्यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर केलं. त्यात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं. ते आजही विंडसरच्या राजवाड्यात पाहायला मिळतं. त्याचं माप आहे एका फुटाला एक इंच. आज जगभरचे छांदिष्ट बहुतेक हेच माप धरतात.

आधी माप ठरवा

या छंदातली पहिली आणि सर्वात महत्त्वाची पायरी हीच. एका फुटाला एक इंच धरलं की हिशेब तोंडी करता येतो. दहा फुटांची खोली दहा इंचांची होते. साडेसहा फुटांचा दरवाजा साडेसहा इंचांचा. दीड फूट उंचीची खुर्चीची बैठक दीड इंचावर येते आणि साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा.

इथे भातुकलीवाल्यांनी सावध राहायला हवं. घरात जपून ठेवलेली पितळेची भातुकली सुरेख असते, पण ती एका मापाची नसते. दोन इंची पातेलं या स्वयंपाकघरात ठेवलं, तर ते दोन फुटांचं होईल, म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याचं! शेजारी इंचभर उंचीची घागर मात्र बरोबर शोभेल. म्हणून पट्टी घेऊन बसा आणि एकेक भांडं मोजा. जी मापात बसतील ती घ्या. भातुकलीच मुख्य ठेवायची असेल, तर माप दुप्पट करा, म्हणजे एका फुटाला दोन इंच. मग दोन इंची पातेलं फूटभराचं होतं. बार्बीसारखी अकरा-साडेअकरा इंची बाहुलीही याच मापात साधारण बसते. मात्र घर मोठं होतं. दहा फुटांच्या खोलीला वीस इंच जागा लागते. लहान फ्लॅटमध्ये याचा विचार आधी करावा.

पहिली खोली एकच करा

संपूर्ण वाडा करायच्या फंदात सुरुवातीलाच पडू नका. समोरून उघडी अशी एकच खोली करा. स्वयंपाकघरापासून सुरुवात केलेली उत्तम, कारण वस्तू भरपूर आणि आठवणीही भरपूर. बारा इंच रुंद, दहा इंच खोल आणि नऊ इंच उंच खोका पुरतो. पहिला खोका जाड पुठ्ठ्याचा चालेल. दुसऱ्यापासून चार किंवा सहा मिलिमीटरची प्लायवूड वापरा. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांत पुठ्ठा वाकतो, आणि फरीदाबादला दोन्हींची वाण नाही. समोरून ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी सरकवता आली, तर रोज फडकं मारावं लागणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा : आधी जमीन, मग भिंती, मग दार-खिडकी आणि शेवटी सामान. भिंती चिकटवून टाकल्यावर आत हात जात नाही, म्हणून रंगकाम आणि फरशी सपाट असतानाच उरकून घ्यावी.

जमिनीसाठी कार्डशीटचे दोन-दोन इंची चौकोन कापून करडा रंग द्या. दोन फुटी शहाबादी फरशी तयार! ओट्याला गुळगुळीत काळा कागद लावला की तो कडाप्प्याचा दिसतो. आइसफ्रीमच्या काड्यांच्या फळ्या आणि पाट होतात. काड्यापेटीतल्या काड्यांचे गज होतात. बाटलीच्या झाकणाची परात होते. कापड मात्र जुन्या मलमलीचंच घ्या. जाड कापड छोट्या मापात ताठ उभं राहतं आणि सगळा भास मोडतो.

खाण्याचे पदार्थ करायला मुलांना बसवा. फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर सारख्या प्रमाणात घ्या, तेलाचा हात लावून मऊ मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. हा गोळा वाळताना थोडा आकसतो, म्हणून वस्तू किंचित मोठी करावी. कोटाच्या बटणाएवढी भाकरी मापात बरोबर बसते. ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा केला की झाला लाडू. डब्यात तांदूळ म्हणून खरा तांदूळ टाकू नका, या घरात तो केळ्याएवढा दिसेल! त्या जागी बारीक रवा घाला.

सामान कुठे मिळेल?

फरीदाबादकरांची सोय मेट्रोने केली आहे. २०१५ साली व्हायोलेट लाइन गावात आली आणि आपल्याला हवी ती बरीचशी ठिकाणं याच एका मार्गावर आहेत. नेहरू प्लेसला कापडाची दुकानं आहेत. तिथे तुकडे पाहा. जामा मशीद स्थानकावर उतरलात, तर चावडी बाजारात कागद आणि पितळेच्या वस्तू मिळतात. चांदणी चौकातल्या किनारी बाजारात लेस, गोटा, मणी मिळतात. अरुंद किनार इथे विचारून घ्या; पाव इंची काठ म्हणजे बाहुलीच्या साडीचा तीन इंची काठ! प्लायवूडला लांब जायला नको. जवळच्या सुताराकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, तो मापात कापूनही देईल.

त्याच मार्गावर आय. टी. ओ. स्थानकाजवळ शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी ते १९६५ साली उभं केलं. अनेक देशांच्या बाहुल्या तिथे आहेत. पोशाख कसा नेसवला आहे, हात कसे धरले आहेत हे तिथे निरखून पाहा. निघण्यापूर्वी वेळेची चौकशी मात्र करून घ्या.

सूरजकुंडच्या मेळ्यात जाल तेव्हा पर्समध्ये मोजपट्टी असू द्या. देशोदेशीचे कारागीर तिथे येतात. लाखेच्या रंगांची चन्नपट्टणची खेळणी, कोंडापल्लीच्या लाकडी बाहुल्या असं काही दिसलं, तर भुलून लगेच विकत घेऊ नका, आधी माप पाहा. महाराष्ट्रात सुट्टीला जाणं होईल तेव्हा सावंतवाडीची चितारआळी चुकवू नका. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी ही तिथली जुनी ओळख आहे.

दिवाळीत तर दारातच बाजार येतो. या भागात लक्ष्मीपूजनाला मातीची 'हटडी' ठेवतात. ती चार खांबांची छोटीशी मातीची वास्तूच असते. बिहारकडची शेजारीण असेल, तर ती मुलींसाठी 'घरौंदा' करते. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांकडे नवरात्रात बाहुल्यांचा 'गोलू' मांडतात. त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा, शिका. एका जिन्यावरच्या चार घरांत चार प्रांतांचं बाहुलीघर सापडेल.

कुणाचं घर करणार?

आता खरा प्रश्न. बाजारात तयार साचे मिळतात, ते जोडले की विलायती बंगला होतो. हात बसायला तो ठीक आहे. पण एवढे श्रम घ्यायचे, तर घर आपलं का नको?

गावाकडची घरं आता भराभर जात आहेत. भावंडांच्या वाटण्या होतात, बिल्डर येतो, सही होते आणि महिन्याभरात तिथे मोकळी जागा दिसते. घर ठेवणं प्रत्येकाला जमत नाही. त्यात कुणाला दोष द्यावा असंही नाही. पण पाडण्याआधी ते मोजून ठेवणं जमतं. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा एक वही, एक टेप आणि फोनचा कॅमेरा एवढंच न्या. खोल्यांची लांबी, रुंदी, उंची लिहा. दाराची चौकट, कोनाडा, जिन्याची पायरी, तुळशीवृंदावन मोजा. फोटो काढताना भिंतीला टेप लावून काढा, म्हणजे राहिलेलं माप नंतर फोटोवरून काढता येतं. भिंतीचा रंग कागदावर उतरवून घ्या. हे काम एका दुपारचं आहे. घर गेल्यावर मात्र कितीही पैसे मोजून ते होणार नाही.

घर आधीच गेलं असेल, तर आजीला विचारा. मुलाकडे शहरात येऊन राहिलेल्या आजीला भाषा परकी, शेजार परका. दिवस खायला उठतो. तिच्यापुढे रिकामा खोका ठेवून विचारा, 'चूल कुठल्या भिंतीला होती? धूर कुठून जायचा? पाण्याची घागर कुठे असायची? ताक कुठे बसून करायचात?' मापासाठी फूटपट्टी लागणार नाही. 'कोनाडा माझ्या खांद्याशी होता' असं ती सांगेल. तेवढ्यावर इंच काढता येतात. नातवंडाने काड्या चिकटवायच्या आणि आजीने चुका काढायच्या. या घरातली कारागिरी नातवाची असेल, पण वास्तुविशारद आजीच.

एक साल नक्की करा. उदाहरणार्थ, १९७५चं स्वयंपाकघर करायचं ठरलं, तर तेव्हा चूल होती, स्टोव्ह होता की गॅस आला होता, हे विचारून घ्या. चूल, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच ओट्यावर आले, तर ते घर कुणाचंच राहत नाही. जुन्या वस्तूंची खरी मापं आणि घाट पाहायचा असेल, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत घरगुती वस्तूंचा तिथे खजिना आहे. पुण्याच्याच विलास करंदीकर यांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला आहे आणि त्याची प्रदर्शनंही भरवली आहेत. कुठे योग आला, तर सोडू नका.

खोली पुरी झाली की तिच्या पाठीवर लिहून ठेवा : घर कुठलं, साल कोणतं, कुणी सांगितलं, कुणी केलं. पन्नास वर्षांनी खोली हातात घेणाऱ्याला या चार ओळींचाच आधार असणार आहे.

हे लक्षात ठेवा

• सुरुवातीला कटर, स्टीलची पट्टी, बारीक चिमटा, फेविकॉल, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, पोस्टर रंग आणि एक बारीक ब्रश एवढं पुरतं.

• कटर मोठ्यांनीच चालवावा. एका दाबात कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. कड स्वच्छ येते आणि बोटंही वाचतात.

• तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे घर देऊ नका. लहान वस्तू घशात अडकतात.

• दिव्यासाठी घरातल्या विजेची जोडणी करू नका. बॅटरीवरची छोटी एल. ई. डी. वापरा. बटणासारखा सेल मात्र स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ठेवा. मुलाने तो गिळला, तर थोड्या तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. असं झाल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

• खोली उन्हात किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लायवूडला वाळवी लागली नाही ना, हे दर पावसाळ्यानंतर पाहा.

• महिन्याला एकच वस्तू केली, तरी वर्षात बारा होतात. घाई नको. पहिली वस्तू म्हणून आजच एक पाट करा : दीड इंच लांब, सव्वा इंच रुंद, खाली दोन काड्या. घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसासमोर तो ठेवा आणि काय काय आठवतं ते ऐका.