आकड्यांचे व्यापारी आणि देशाची शिरगणती

संख्याशास्त्राचा संबंध परीक्षेशी आणि सरकारी अहवालांशी असतो, अशी आपल्या विद्यार्थिवर्गाची दीर्घकाळ समजूत होती. गेल्या पंचवीस वर्षांत ती पार मोडीत निघाली आहे. मुंबईत २००० साली श्रीकांत वेलमकन्नी, प्रणय अग्रवाल आदी तरुणांनी फ्रॅक्टल ही कंपनी काढली. चेन्नईत २००६ साली वेंकट विश्वनाथन यांनी लेटंटव्ह्यू उभी केली. व्यापारी कंपन्यांजवळ साचलेल्या आकड्यांचे पृथक्करण करून कोणता ग्राहक काय घेईल, याचे अंदाज बांधून देणे हा या उद्योगाचा व्यवसाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये लेटंटव्ह्यूने सुमारे सहाशे कोटी रुपयांचे समभाग विक्रीस काढले, तेव्हा तीनशे पटींहून अधिक मागणी आली. या उद्योजकांची बुद्धी आणि धडाडी वादातीत आहे.

परंतु ही विद्या मुळात शिरगणतीतून वाढली, याचे विस्मरण होऊ नये. हर्मन हॉलेरिथ यांचे भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारे यंत्र अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरले गेले. त्याच्या बळावर १८९६ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. ती इतर कंपन्यांत मिसळून १९२४ मध्ये आयबीएम झाली. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. मोजण्याची विद्या सार्वजनिक गरजेतून घडली; व्यापाराने तिचे पीक नंतर काढले.

आज ग्राहकाविषयीचे ज्ञान क्षणोक्षणी ताजे होते आणि नागरिकाविषयीचे शिळे पडत जाते. २०१७-१८ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे सरकारने २०१९ मध्ये ठरविले. २०२१ ची जनगणना लांबली. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. हा केवळ अभ्यासकांच्या गैरसोयीचा प्रश्न नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली किती जणांना स्वस्त धान्य द्यावयाचे, हे २०११ च्या लोकसंख्येवरून ठरविले गेले. लोकसंख्या वाढली, पण मोजणी थांबली. म्हणून पात्र असूनही यादीबाहेर राहणाऱ्यांची गाऱ्हाणी कोणत्या आधारावर तपासावयाची?

खासगी कंपन्यांजवळील माहिती ही उणीव भरून काढील, असे काही जण सुचवितात. ही आशा फोल आहे. नमुना निवडताना ज्यांचा त्यात समावेश होण्याची शक्यताच नाही, त्यांच्याविषयी त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. रोखीने मीठमिरची घेणाऱ्या शेतमजूर स्त्रीची नोंद कोणत्या दुकानाच्या संगणकात सापडणार? तिच्याजवळ खर्च करण्यास पैसा नाही, हीच तर नोंदण्याजोगी गोष्ट. आणि बाजाराच्या खातेवहीत नेमकी तीच उमटत नाही.

यात उद्योजकांना दोष देण्याचे कारण नाही. ग्राहक मोजणे हे त्यांचे काम आणि ते चोख होत आहे. नागरिक मोजणे हे शासनाचे कर्तव्य होय. त्यासाठी जनगणना वेळेवर व्हावी, पाहण्यांचे निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध व्हावेत, आणि सांख्यिकी विभागांतील जागा जाणत्या माणसांनी भरल्या जाव्यात. शाळेतील शिक्षक दारोदार हिंडून जी नोंद करतो, तीत माणसाने काही विकत घेतले आहे की नाही, हे पाहिले जात नाही. गरिबाला हिशेबात जागा देणारी ती नोंद आहे, म्हणून तिला विलंब परवडणारा नाही.