व्रतापूर्वीची वाट आणि परतीची
धर्मभगिनी होण्याचा निर्णय भावनेच्या भरात घेतला जातो, हा समज कॅथलिक धर्मसंहितेपुढे टिकत नाही. १९८३च्या या संहितेनुसार १७ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नोव्हिशिएटमध्ये प्रवेश नाही. तेथे किमान १२ महिने, मग किमान ३ वर्षे तात्पुरती व्रते. आजीवन व्रतांसाठी वय किमान २१. 'पाचारण' पारखण्यास अवधी पुरेसा आहे.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. संस्था सोडणारीला तेथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. तिच्याशी न्यायबुद्धीने व ख्रिस्ती प्रेमाने वागावे, एवढेच कलम ७०२ बजावते. अशा स्थितीत मन पालटलेली स्त्रीही नाइलाजाने व्रते पुढे चालू ठेवू शकते. निराधार माजी धर्मभगिनींसाठी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये निवारा उघडल्याचे २०२०च्या प्रारंभी व्हॅटिकनच्याच एका कार्डिनलांनी सांगितले होते.