पिशवीची चिंता, खलाशाची नाही

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांना सक्त हुकूम होता : शत्रूने गाठताच सांकेतिक लिपीची पुस्तके समुद्रात बुडवावीत. पाणी शिरून बुडावी म्हणून गुप्त टपालाच्या पिशवीलाही भोके ठेवीत. पिशवी फेकणारा जिवंत राहील, हे मात्र गृहीतच! ११ नोव्हेंबर १९४० रोजी सुमात्राजवळ जर्मन माऱ्यात 'ऑटोमेडॉन'चा कप्तान व अधिकारी ठार झाले. पिशवी शत्रूच्या हाती पडली.

मग बॉयलरपाशी राबणाऱ्यांचा हिशेब कोण ठेवणार? रत्नागिरीच्या खाड्यांतून अशा जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्यांच्या वाट्याला येई. १९३९ साली वाढीसाठी हिंदी खलाशांना संप करावे लागले. त्या युद्धात व्यापारी जहाजांवरील सुमारे ६००० हिंदी खलाशी मेले. त्यांची नावे मुंबईच्या मशीद बंदरातील खलाशीगृहात एका वहीत आहेत.