तापाचे पोर शाळेत धाडू नका



गोठ्यातल्या एखाद्या जनावराला लाळ-खुरकूत झाल्याची शंका आली तर आपण काय करतो? कोणी सांगायची वाट न बघता ते दावणीवरून सोडतो आणि लांब झाडाखाली बांधतो. त्याचे पाणी वेगळे, वैरण वेगळी. पण घरातले पोर तापाने फणफणलेले असले तरी ‘शाळा बुडेल’ म्हणून त्याच्या पाठीला दप्तर अडकवतो. मग ते भरल्या वर्गात दिवसभर खोकत बसते. जनावराच्या बाबतीतले शहाणपण पोराच्या बाबतीत कुठे जाते?

फ्लूची साथ आपल्याला नवी नाही. १९१८ सालच्या साथीला लोकांनी मानमोडी असे नावच दिले होते. पुढे २००९ साली स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. या रोगाचा आपल्या देशातला तो पहिला बळी. त्यानंतर पुण्यातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. पुणे आपल्या करमाळ्याला काही परके नाही. घरोघरची मुले तिथे शिकायला, कामाला आहेत. जेऊरला गाडीतून माणूस उतरतो, तेव्हा त्याच्याबरोबर रोगही उतरू शकतो. तो स्वाइन फ्लू आता नेहमीच्या फ्लूत मिसळून गेला आहे. पावसाळ्यात, कधी थंडीत, तो पुन्हा डोके वर काढतो.

खोकला-शिंकेच्या तुषारांतून हा रोग पसरतो. ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी तो दुसऱ्याला देऊ शकतो. लहान मुले तर त्याहूनही जास्त दिवस देतात. म्हणून औषध न देता ताप उतरून एक पुरा दिवस जाईपर्यंत पोराला घरीच ठेवा. त्याला उजेडवाऱ्याच्या जागी निजवा. पेज, पातळ वरण, पाणी थोडे थोडे पाजत राहा. खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरायला शिकवा. त्याचे करणाऱ्या माणसाने साबणाने हात धुवावेत. मुलांना तापासाठी ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नका. डॉक्टरांकडे ‘सुई माराच’ असा हट्टही धरू नका. फ्लू विषाणूचा रोग आहे, नुसत्या अँटिबायोटिकने तो जात नाही.

आता खरी अडचण. आई खुरपायला, बाप ऊसतोडीला; घरी कोण थांबणार? एक दिवसाचा रोज बुडाला तर चूल अडते, हे आम्हालाही कळते. यासाठी वस्तीवरच्या चार घरांनी आधीच ठरवून ठेवावे की आज तुझे पोर मी बघते, उद्या माझे तू बघ. मात्र पोर म्हाताऱ्या सासूच्या किंवा पोटुशी सुनेच्या अंगावर टाकू नका. म्हातारी माणसे, गरोदर बाया, पाच वर्षांखालची बाळे, दमेकरी आणि मधुमेही यांना हा रोग जड जातो. त्यांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

गुरुजींनाही एक विनंती. साथीच्या दिवसांत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बाजूला ठेवा. आजारी मुलाच्या घरी अभ्यास पाठवा. वर्गाच्या खिडक्या उघड्या राहू द्या आणि खिचडीच्या आधी साबण हाताशी असू द्या.

बहुतेक पोरे आठवड्यात बरी होतात. पण धाप लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर झाले, पोर गुंगीत पडले, खाणेपिणे सुटले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मग अंगारा नको आणि सकाळची वाटही नको. मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. १०८ क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिका फुकट येते. फ्लूवर औषध आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते.

हे पान वाचून झाले की शेजारच्या वस्तीवर द्या. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तिथे वाचून दाखवा.