ज्याने चढवली, त्यानेच उतरवावी

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संविधानात बसत नाही, हे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने स्वच्छ शब्दांत सांगितले. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घ्याव्यात, त्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. वर्षानुवर्षे खांदे झिजवणाऱ्या ९४ परवानाधारकांना उशिरा का होईना न्याय मिळाला. त्याचे स्वागत झालेच पाहिजे.

बॅटरीच्या धंद्यातल्या आपणा सर्वांना या आदेशातून एक गोष्ट मात्र वेगळी काढून पाहावी लागेल. वाहन विकत शासन घेणार, म्हणजे त्यातल्या बॅटरीचे मालकही शासनच. ती निकामी झाली की डोंगरावरून खाली कोण आणणार, कुठे देणार आणि पैसे कोण मोजणार, याचे उत्तर खरेदीच्या दिवशी कागदावर हवे. नंतर ते कोणी देत नाही.

माथेरान कर्जत तालुक्यात आहे खरे, पण बॅटरीच्या हिशेबाने ते एक बेट आहे. सुमारे आठशे मीटर उंची, नेरळहून चढणारा एकच घाट, दस्तुरी नाक्यावर मोटारगाड्यांना पूर्णविराम. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि वाहनबंदीला कायद्याचे बळ मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सात ई-रिक्षा धावल्या, तोवर पुढचे बरेचसे घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जात होते. जागा लहान, वाहने थोडी, पुनर्चक्रणाची सोय नाही आणि बाहेर पडायला गाडीची एकच वाट. मालदीव, मॉरिशस, बार्बाडोस या बेटराष्ट्रांपुढची अडचण हीच आहे. बार्बाडोसने २०२० पासून सरकारी बससेवेत विजेच्या बस आणल्या. अशा देशांतून जुनी बॅटरी बाहेर पाठवायची तर बासेल करारानुसार घेणाऱ्या देशाची आणि वाटेतल्या देशांचीही संमती लागते. जहाज कंपन्या आगीच्या भीतीने नाक मुरडतात. आणि एक कंटेनर भरेल इतका माल जमायला काही वर्षे जातात. तोवर तो माल पडून राहतो. मालेजवळचे थिलाफुशी हे बेट तर कचऱ्यासाठीच वापरले गेले.

आता आपले आकडे पाहू. ९४ रिक्षा आणि प्रत्येकीत सुमारे सात किलोवॉट-तासांचा लिथियम पॅक धरला, तर एका पॅकचे वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. म्हणजे सगळे मिळून साडेसहा-सात टन, काही वर्षांतून एकदा. एका ट्रकचा माल! त्याऐवजी शिशाच्या चार बॅटऱ्यांचे सेट घेतले तर एकेक सेट सव्वाशे किलोच्या घरात जाईल आणि तो कितीतरी लवकर बदलावा लागेल. पण शिशाची बॅटरी बेवारस राहत नाही. निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असल्याने भंगारवाला दारात येऊन रोख मोजतो आणि दुकानदार जुनीवर नवीची किंमत कमी करतो. तिचा धोका वेगळा. कोणी ओढ्याकाठी आम्ल ओतून नुसत्या प्लेटा काढल्या, तर पूर्वेकडचे पाणी उल्हास नदीत उतरते. खालापूरच्या बाजूला धावरी नदीवर मोरबे धरण आहे, ते नवी मुंबईला पाणी पाजते.

लिथियमची, त्यातही लोह-फॉस्फेटची गोष्ट उलटी. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. तांबे, अॅल्युमिनियम आणि थोडे लिथियम निघते, पण वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च त्यावर मात करू शकतो. शिवाय मेलेला म्हणून टाकलेल्या पॅकमध्येही वीज असते. सेल चेपला, भोक पडले, आत पाणी गेले तर तो तापत जातो, पेट घेतो आणि विषारी वायू सोडतो. असा माल भंगारवाला फुकटही उचलत नाही आणि त्याने उचलू नये.

यावर लगेच उत्तर येते की कायदा आहे ना! आहे. २२ ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम विजेच्या वाहनांच्या बॅटरीला लागू आहेत. जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरी पुरणे किंवा जाळणे हा मार्ग त्याला बंद आहे. २०२६-२७ पासून पुनर्चक्रण करणाऱ्याने बॅटरीच्या कोरड्या वजनाच्या ९० टक्के पदार्थ परत मिळवायचे आहेत. त्यामुळे तळोज्याचे धोकादायक कचऱ्याचे केंद्र जवळ आहे, तिकडे नेऊन पुरू, हा हिशेब मनातून काढून टाकावा.

पण या नियमांत लहान गावाला चकवणारी एक फट आहे. उत्पादकाचे उद्दिष्ट टनांत मोजले जाते, गावांत नाही. पुनर्चक्रण करणाऱ्याकडून तेवढ्या टनांची प्रमाणपत्रे विकत घेतली की त्याचा हिशेब पुरा होतो. मग माल दिल्लीचा असो की पुण्याचा. ज्या कंपनीची रिक्षा माथेरानात फिरते, तिने माथेरानचा एकही पॅक न उचलता नियम तंतोतंत पाळलेला असू शकतो. मोठ्या शहरात गोळा करणे स्वस्त पडते, म्हणून व्यवहार तिकडेच वळेल. यात कोणाची लबाडी नाही. म्हणूनच जिथे कायदा जागा पाहत नाही, तिथे करारनाम्याने पाहायला हवी. अनामत आणि परतखरेदीच्या योजनांना या नियमांतही वाव ठेवलेला आहे.

बेटराष्ट्रांना नसलेली एक सवलत माथेरानला आहे. बॅटरी आपल्या चाकांवर दस्तुरीपर्यंत येऊ शकते, मात्र ती चालती असतानाच. मूळ क्षमतेच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेला पॅक दरवर्षी मे महिन्यात तपासून, दस्तुरीलाच उतरवून खाली पाठवायचा. तो वर दम तोडेपर्यंत वापरला तर जुलैच्या पावसात, घसरड्या उतारावर, सत्तर किलोचा धोकादायक बोजा माणसाच्याच खांद्यावर येईल. ज्यांची त्या ओझ्यातून सुटका व्हावी म्हणून न्यायालयाने आदेश दिला, त्यांच्याच.

खाली गोळा करायची जागा एकट्या माथेरानसाठी परवडणार नाही. नेरळ, कर्जत आणि खोपोलीच्या दुचाकी-तीनचाकींचा माल त्यात मिळवला तरच ट्रक भरेल. खालापूरकडे आणखी एक ओघ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना २०२५ पासून टोलमाफी मिळाली, त्यांची ये-जा वाढणार आणि बोरघाटात आपटलेल्या गाड्या खालच्या आवारांत येऊन पडणार. आपटलेला पॅक काही दिवसांनीही पेटू शकतो. तो इतर गाड्यांपासून दूर, उघड्यावर पण पावसापासून झाकून ठेवायचा, हे त्या आवारातल्या माणसाला कोणी शिकवले आहे का? गोळा करण्याच्या या केंद्रासाठी पक्क्या जमिनीची, हवेशीर आणि पुराच्या रेषेवरची शेड लागेल. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हे जागा निवडणाऱ्याने विसरू नये. दुखावलेल्या पॅकसाठी कोरडी वाळू भरलेले धातूचे पिंप हवे आणि प्रत्येक पॅकच्या क्रमांकाची नोंदवही हवी.

जुने पॅक हॉटेलच्या इन्व्हर्टरला किंवा सौर दिव्यांना जोडण्याची कल्पना मोहात पाडणारी आहे. पावसाळ्यात वीज गेली की ती हटकून सुचते. जरूर करावे, मात्र तपासणी, योग्य बीएमएस (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा) आणि नव्या मालकाची नोंद यांशिवाय नको. नाहीतर एका ठिकाणी माहीत असलेला पॅक वीस खोल्यांमागे हरवून जाईल.

दुकानदार, मेकॅनिक, नगरपरिषदेचे अभियंते या सर्वांकडे आमचे एकच मागणे आहे. माथेरानच्या ई-रिक्षांच्या प्रत्येक खरेदीत आणि प्रत्येक बदली बॅटरीच्या बिलात तीन अटी घालून घ्या. निकामी पॅक दस्तुरीहून उचलण्याची जबाबदारी पुरवठादाराची. त्याची मुदत तारखेसह. आणि क्रमांकनिहाय पुनर्चक्रणाचा दाखला येईपर्यंत अनामत शासनाकडे. पुरवठादार दर थोडा वाढवील. तो वाढू द्यावा, कारण तो खर्च आज बिलात दिसला नाही तरी उद्या नगरपरिषदेलाच भरावा लागणार आहे. निविदेत या अटी नसतील तर निविदापूर्व बैठकीत उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.