झिंगाट सगळ्यांनी घेतलं, सुमनअक्का कोण होणार?



यंदाच्या 29 एप्रिलला 'सैराट'ला दहा वर्षं झाली. त्या निमित्ताने आम्ही परभणीतल्या एका वस्तीत, विहारासमोरच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून तो सिनेमा पोरांना दाखवला. प्रोजेक्टर मागून आणलेला, स्पीकर जयंती मंडळाचा. समोर आठवी ते बारावीची मुलं-मुली. सिनेमा आला तेव्हा यातली निम्मी अंगणवाडीत होती. 'झिंगाट' लागलं आणि सगळं पटांगण उभं राहिलं. कुणाला काही शिकवावं लागलं नाही, चारही गाणी पाठ. पुढे सिनेमा शेवटाला आला, आवाज एकदम थांबला, आणि मागून एक पोरगा ओरडला, "दादा, स्पीकर गेला!"

स्पीकर गेला नव्हता. नागराज मंजुळेंनी तो शेवट तसाच ठेवलाय, आवाजाविना. ज्या सिनेमाची गाणी या पोरांना तोंडपाठ, त्याचा शेवट त्यांना ठाऊकच नव्हता. मोबाईलवर, रीलमध्ये, वरातीत, गणपतीत, जयंतीत त्यांच्यापर्यंत फक्त गाणी पोचली होती. या लेखात आम्हाला एवढंच म्हणायचंय की 'सैराट'ची गाणी आपण सगळ्यांनी उचलली आणि सिनेमा थेटरातच सोडून आलो. त्याची किंमत आपल्याच वस्त्यांतली पोरं मोजताहेत.

आधी एक कबुली देतो. आम्ही 'सैराट'चे फॅन आहोत. 2016 साली आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत होतो आणि मित्रांकडून उसने पैसे घेऊन तीनदा हा सिनेमा पाहिला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा दिग्दर्शक, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, आपल्यासारखीच बोलणारी, आपल्यासारख्याच रंगाची पोरं पडद्यावर. हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात चौदा वर्षांवरच्या किशोरवयीनांसाठीच्या विभागात दाखवला गेला. म्हणजे जगाने त्याला पोराटोरांचा सिनेमा म्हणूनच पाहिलं आणि तरीही गंभीरपणे घेतलं. आपल्याकडे मात्र त्याच वर्षी 'सैराट'ने शाळकरी मुलं बिघडवली अशी ओरड झाली. मुलं एकमेकांकडे बघतात हा गुन्हा ठरला. बघितलं म्हणून मारतात, त्याला मात्र कुणी बिघाड म्हटलं नाही.

आता सिनेमाच्या गाभ्याकडे येऊ. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्याला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस उरले असताना 'सैराट' पडद्यावर आला. योगायोगच, पण निबंध वाचून सिनेमा पाहिला तर दोन्ही एकच गोष्ट सांगताहेत हे कळतं. बाबासाहेबांनी मांडलं की जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या बंधनावर. हे बंधन टिकवायचं तर बाईवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची हत्यारं. पुढे 1936 साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जात तोडण्याचा खरा उपाय असल्याचं ठामपणे सांगितलं. म्हणून आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीवर येऊन पोरांना बाहेर काढते, हे नुसतं गोड वाटण्यापुरतं नाही. आर्ची म्हणजे पहारा मोडणारी पोरगी आहे. प्रिन्सचा कोयता परश्यावर जेवढा आहे तेवढाच तिच्यावर आहे.

कुणी म्हणेल, हे सोलापूरकडचं आहे, परभणीचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (2019-21) आपल्या जिल्ह्याचा आकडा दिलाय. परभणीत 20 ते 24 वयाच्या सुमारे 48 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. म्हणजे जवळजवळ दोघींतली एक. गंगाखेड, पालमकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात, मागे वयात आलेली पोरगी कुणाकडे ठेवायची म्हणून तिला उजवून टाकतात. कारण गरिबीचं आहे, असुरक्षिततेचं आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण त्या भीतीच्या तळाशी 'पोरीने काही करण्याआधी' हे तीन शब्द असतात. 1916 च्या निबंधातलं हत्यार 2026 मध्येही आपल्या गावात धार लावून ठेवलेलं आहे.

आता अल्बमबद्दल. चारच गाणी. अजय-अतुल यांनी त्यांचा वाद्यवृंद थेट अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडच्या सिनेमांना लाभणारं ते वैभव करमाळ्याच्या शेतातल्या एका पारधी पोराच्या प्रेमाला मिळालं. व्हायोलिनचा तो ताफा वाजतो तेव्हा आजही आमच्या अंगावर काटा येतो, कारण आपल्या पोरांच्या मनातली उलघाल इतकी मोठी आहे असं याआधी कुणी मानलंच नव्हतं. 'आताच बया का बावरलं' तर पोरीच्या मनातलं गाणं आहे. तिला आवडलंय, तीच म्हणतेय. ही गाणी आम्हाला उसनी वाटत नाहीत.

तरी एक गोष्ट खटकते, आणि ती संगीतकारांची चूक नाही. 'झिंगाट' पाटलाच्या वरातीत वाजलं, सरपंचाच्या मिरवणुकीत वाजलं. गाण्याला वाड्यात प्रवेश मिळाला, परश्याला मिळाला नाही. गाण्याच्या अंगावरची जात पुसली की ते सगळ्यांचं होतं. 2018 साली 'धडक'ने हेच मोठ्या पैशात करून दाखवलं. 'झिंगाट' हिंदीत घेतलं, उदयपूरचे महाल घेतले आणि जात जवळपास वगळून टाकली. ती परत आणायला 2025 चा 'धडक 2' यावा लागला, आणि तोही मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमल' या तमिळ सिनेमावर उभा राहून.

आणि जात न पुसलेल्या गाण्याचं काय होतं? मे 2015 मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा खून झाला. वादाचं निमित्त होतं त्याच्या मोबाईलची रिंगटोन, बाबासाहेबांवरचं गाणं. 'सैराट' येण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही घटना. तो मोबाईल खिशात नुसता वाजला होता. त्यावर 'झिंगाट'सारखं एखादं गाणं वाजलं असतं तर कदाचित सगळे मिळून नाचले असते. म्हणून जयंतीत डीजेवर काय लावायचं हा आम्हाला नुसता आवडीचा प्रश्न वाटत नाही. पोरांनो, 'झिंगाट'वर नाचा, आम्हीही नाचतो. पण ज्या गाण्यासाठी आपल्या माणसाचा जीव गेला ते गाणं यादीत खाली सरकू देऊ नका.

आमच्याच बाजूच्या काही कार्यकर्त्यांचा 'सैराट'वर जुना आक्षेप आहे. परश्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो नाही, त्याच्या तोंडी जयभीम नाही, तो लढत नाही, पळून जातो. आक्षेप खोटा नाही. पण आम्ही तो उलटा वाचतो. परश्याचा बाप जातपंचायतीपुढे हात जोडतो. वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत प्रिन्स मारतो आणि कुणी काही करू शकत नाही. ठाण्यात परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराचा खोटा गुन्हा चढवला जातो. या सगळ्यात चळवळ कुठेच दिसत नाही, कारण त्या गावात ती पोचलेलीच नाही. मग दोन पोरं हैदराबादला पोचतात. स्टेशनवर उपाशी, घाबरलेली. त्यांच्यासाठी कोण उभं राहतं? डोसे विकणारी एक बाई. सुमनअक्का. ती जात विचारत नाही, झोपडीत जागा देते, काम मिळवून देते. जिथे आपली संघटना असायला हवी होती तिथे ती एकटी उभी आहे. नागराजने आपल्याला वगळलं म्हणून रागवायचं की आपण तिथे नव्हतो म्हणून लाजायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हे सिनेमापुरतं राहिलेलं नाही. 28 एप्रिल 2014 ला खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला हाल करून मारलं, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्णेपासून तासाभरावर असलेल्या नांदेडात वीस वर्षांच्या एका बौद्ध तरुणाचा प्रेमसंबंधावरून खून झाला. मुलीच्या घरच्यांना अटक झाली आणि त्या मुलीने त्याच्या मृतदेहाशी लग्न लावून घेतलं. दहा वर्षांनी सिनेमा जुना व्हायला हवा होता. झाला नाही.

त्या दिवशी पटांगणात सिनेमा संपल्यावर आम्ही पोरांना विचारलं, आर्ची-परश्याने काय करायला हवं होतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांनी कुणाकडं जायचं होतं, ते तुम्ही सांगा." आमच्यापैकी कुणालाच एका दमात उत्तर देता आलं नाही. आम्ही कार्यकर्ते म्हणवतो, आणि आम्हाला सांगता आलं नाही. ती रात्र आम्हाला झोप लागली नाही. म्हणून उत्तर आता लिहितो.

पहिलं. 'सैराट'मधली पोरं कॉलेजातली, अल्पवयीन आहेत, आणि पोरांनी ते नीट लक्षात घ्यावं. मुलगी अठराच्या आत असेल तर तिची संमती कायदा मानत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावर गुन्हा दाखल होतो, अपहरणाचं कलम वेगळं लागतं. मुलगी कितीही 'मी माझ्या मर्जीने आले' म्हणाली तरी. आपल्या वस्तीतलं पोरगं तुरुंगात जातं, बारावी बुडते, बाप वकिलाच्या पायऱ्या झिजवतो. प्रेम हा गुन्हा नाही. पण पळून जाणं हे प्रेमाचं प्रमाणपत्रही नाही. मुलीची अठरा, मुलाची एकवीस, तोवर दोघांनी शिकायचं. शिकलेली, कमावती आर्ची कोंडून ठेवायला अवघड असते.

दुसरं. दोघं सज्ञान असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती फलकावर लावली जाते. धोका याच तीस दिवसांत असतो. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 च्या शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचं, जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा असावा, असं बजावलंय. तो कक्ष कुठे आहे, फोन नंबर काय, हे लेखी विचारून मिळवणं आणि ते प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिणं हे काम कुठल्याही मंडळाला एका आठवड्यात जमण्यासारखं आहे. आम्ही आमच्या वस्तीपासून सुरुवात केली आहे.

तिसरं, आणि हे आपल्याच अंगणातलं. त्या पटांगणात आर्चीवर शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना आम्ही विचारलं, "तुझ्या बहिणीने असंच केलं तर?" हशा एकदम थांबला. आपण महार-मांग लग्नाला तयार आहोत का? आपल्या घरातली मुलगी भटक्या-विमुक्तांतला, पारधी समाजातला परश्या घेऊन आली तर आपण कोण होतो, सुमनअक्का की प्रिन्स? दुसऱ्याच्या पोरीवर गाणी म्हणायची आणि आपल्या पोरीवर पहारा ठेवायचा, हे बाबासाहेबांच्या निबंधातल्या जातीचंच काम आपण फुकटात करतोय.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा आपण रस्त्यावर आलो. सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला तेव्हाही आलो, आणि येत राहू. पण मित्रांनो, माणूस गेल्यावर गोळा व्हायला आपण शिकलो. माणूस जिवंत असताना, रात्री अकराला, घाबरलेली दोन पोरं दारात उभी असताना कडी काढायला शिकायचं बाकी आहे.

पुढच्या जयंतीला डीजे लावाल तेव्हा 'झिंगाट' जरूर लावा. पण त्याआधी एखाद्या संध्याकाळी पडदा बांधा आणि सिनेमा शेवटपर्यंत दाखवा. आवाज गेला की स्पीकरकडे धावू नका. बसून राहा. आणि दिवे लागल्यावर आपल्या वस्तीतल्या दोन घरांची नावं ठरवा, जिथे अशी पोरं येऊ शकतील.

त्या मुलीने विचारलं होतं, कुणाकडं जायचं? तिच्या वहीत आम्ही आमचं घर लिहून दिलंय. तुमचं कधी लिहिणार?

जयभीम! जय संविधान!